वहीच्या पानाएवढा रंग

आमच्या गाडीचा रंग कोणता, असं कुणी विचारलं की घरात एकमत होत नाही. आर.सी. पुस्तकात 'निळा' लिहिलंय. नातवंडं 'राखाडी' म्हणतात. आणि साखरशेतात नवखा माणूस आला तर शेजारीपाजारी 'पांढरी गाडी उभी असेल तेच गुरुजींचं घर' असं सांगतात, आणि तो माणूस बरोबर पोहोचतो! खरा रंग बघायचा असेल तर डिकी उघडून रबराखालची कड बघावी लागते. तिथे ऊन कधी पोहोचलंच नाही. तिथे तो अजून दसऱ्याच्या सुमारास पठारावर दिसणाऱ्या धुतलेल्या आकाशासारखा आहे.

गाडी म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. मी ती १९९६ साली नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मी पंचेचाळिशीचा. आता ती चाळिशीला टेकली आहे आणि मी पंच्याहत्तरीला. तरुण वाचकांसाठी थोडी माहिती देतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. मूळ घराणं इटलीचं, फियाट ११०० चं. सत्तरच्या दशकात तिचं बारसं होऊन ती 'पद्मिनी' झाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी आमच्याकडे पुण्याहून दोन फोन आले, 'आता तुमचीही काढून टाका' म्हणून. मी म्हटलं, 'टॅक्सी निवृत्त झाली, मी तर केव्हाच झालोय. निवृत्त माणसाला घरातून काढून टाकतात का?'

असो. आज लिहायचंय ते गाडीच्या रंगाबद्दल. गेल्या दीड वर्षात या विषयात मी बराच शिकलो. या वयात नवं काही शिकायला मिळालं की आनंद होतो, आणि तो वाटून घ्यायला तुमच्याखेरीज कोण आहे?

निमित्त झालं नातीच्या लग्नाचं. लग्न वैशाखात, इथेच, घरच्या अंगणात करायचं ठरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीला पूर्ण रंग मारून घेऊ. पाठवणी त्याच गाडीतून व्हायची असा तिचा हट्ट आहे, आणि फोटोत ती अशी दिसायला नको." 'अशी' म्हणजे कशी ते त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं. बॉनेट आणि टप यांच्यावर हात फिरवला की हाताला पांढरट भुकटी लागायची. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिल्यावर हाताला जे लागायचं, अगदी तेच!

आणि गंमत बघा, रंगाच्या धंद्यात या प्रकाराला 'चॉकिंग'च म्हणतात. रंग म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी: रंग देणारे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य. उन्हातले अतिनील किरण या धरून ठेवणाऱ्या द्रव्याला हळूहळू कुजवतात. मग वरचे कण मोकळे होतात आणि खडूच्या भुकटीसारखे पृष्ठभागावर बसून राहतात. म्हणजे आमची गाडी पांढरी झाली नव्हती, तिच्यावर तिच्याच रंगाची धूळ साचली होती. टप आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून असतात म्हणून ते आधी जातात. दारं उभी असतात म्हणून उशिरा. घराच्या भिंतीपेक्षा छप्पर आधी विटतं, तसंच हे.

जव्हारला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं छोटंसं गॅरेज आहे. डेंटिंग-पेंटिंग तो स्वतः करतो. गाडी त्याच्याकडे नेली. पूर्ण रंगकाम म्हणजे त्याला चांगले पैसे मिळाले असते. पण त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दाराखालच्या पट्ट्या बोटानं टकटक वाजवून बघितल्या आणि म्हणाला, "गुरुजी, पत्रा चांगला हाये. कलर मारायची घाई नका करू. आधी हाये तो बघू." मग एका मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन त्यानं बॉनेटचा तळहाताएवढा भाग घासला. फडकं निळं झालं, आणि खालून निळाच रंग वर आला. "हा बघा, तुमचा कलर हितंच हाये."

फडकं निळं होणं हीच परीक्षा असते, हे मला त्या दिवशी कळलं. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. त्यांना घासलं तर फडक्यावर रंग येत नाही. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसेल तर घासताना रंगच निघतो. अशा रंगाचा फायदा असा की वरची मेलेली कातडी काढली की खाली तोच रंग जिवंत मिळतो. क्लिअर कोट एकदा पापुद्रे सुटून उडायला लागला की त्याला मात्र पॉलिशनं काही होत नाही. तिथे नव्यानंच रंग द्यावा लागतो.

पण खाली रंग आहे म्हणजे किती आहे? इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. भाचा नाशिकला गाड्यांच्या व्यवहारात आहे. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. चुंबकाच्या तत्त्वावर चालतं: पत्र्यापासून आपण किती लांब आहोत हे ते ओळखतं आणि मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर अस्तर (प्रायमर) आणि रंग मिळून साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन जाडी असते. भाच्यानं यंत्र लावलं आणि मी वहीत आकडे लिहीत गेलो. टपावर ९५. डाव्या दारावर ११०. बॉनेटच्या मधोमध ७०. बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे, ४५! आणि मागच्या उजव्या मडगार्डवर आकडा एकदम हजाराच्या वर गेला. म्हणजे तिथे कधीतरी ठोकर बसलेली होती आणि वर लांबी भरून रंग दिलेला होता. मी गाडी घेतली तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांनी यंत्रानं सांगितलं!

आता शंभर मायक्रॉन म्हणजे किती? मुलांच्या वहीचं एक पान साधारण सत्तर ते शंभर मायक्रॉन जाड असतं. म्हणजे चाळीस वर्षांचं ऊन आणि आमच्या पठारावरचा पाऊस, यांच्या आणि लोखंडाच्या मध्ये उभं काय आहे, तर वहीचं एक पान.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वर्गात काही मुलं असायची, चुकलेलं अक्षर खोडरबरानं इतकं खोडायची की पान फाटायचं. अक्षर जायचं, पण पानही जायचं. गाडी चमकवण्याचं तसंच आहे. ओरखडा 'काढणं' म्हणजे ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट केला जातो. प्रत्येक घासणीत काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. चमक विकत मिळते खरी, पण पैसे द्यावे लागतात ते शिलकीतून. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या वॉशिंग सेंटरमध्ये आमच्या एका नातेवाइकांची गाडी मशीननं दर सहा महिन्यांनी 'बफिंग' करून मिळायची. चार वर्षांत दारांच्या कडांवर अस्तर दिसायला लागलं. यंत्राचा गोंडा कडेवर सर्वांत जास्त घासतो आणि रंग कडेवरच सर्वांत पातळ असतो, हे तिथे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मग पूर्ण नवा रंग का नको? मुलाचा प्रश्न हाच होता आणि तो गैर नव्हता. त्याचं उत्तर माझ्या विद्यार्थ्यानं दिलं. कारखान्यात रंग देतात तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काच नाही, रबर नाही, वायर नाही, सीट नाही. तो सांगाडा भट्टीत शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवून रंग भाजून काढतात. मडकं भाजावं तसा. गॅरेजमध्ये सगळी गाडी जोडलेली असते, तिला तसं भाजता येत नाही. तिथला रंग रसायनानं किंवा हवेनं वाळतो. चांगल्या हाताचं काम असेल तर तोही छान टिकतो, पण त्यासाठी काचा, रबरं, पट्ट्या उतरवाव्या लागतात. घाईचं काम म्हणजे रबरांवर कागद चिकटवायचा आणि वरून फवारा मारायचा. मग पाणी शिरतं ते नेमकं रबराच्या त्या कडेतून. वर नवा रंग, आत जुना गंज. वरून कीर्तन आणि आतून तमाशा!

रंग वाळायला लागणारा वेळ ही एके काळी मोटार धंद्याची मोठीच अडचण होती. शंभर वर्षांपूर्वी गाड्यांना ब्रशनं व्हार्निशचे हात देत आणि ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. मग अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं 'ड्युको' नावाचा लॅकर काढला. तो फवारता यायचा आणि काही तासांत वाळायचा. १९२४ च्या ओकलंड गाड्या त्यात रंगवून निघाल्या, आणि त्याही निळ्या! कंपनीचं ते नाव आपल्याकडे इतकं मुरलं की आजही फर्निचरवाले 'ड्युको करू का?' असं विचारतात.

तर ठरलं असं की आहे तो रंग जपायचा आणि खराब झालेल्या तेवढ्याच जागा दुरुस्त करायच्या. काम केलं माघात, हवा कोरडी आणि ऊन बेताचं असताना. क्रम सांगतो, म्हणजे कुणाकडे जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

आधी सावलीत गाडी धुतली. नुसत्या पाण्यानं माती मऊ करून सोडून दिली, मग गाडीच्या शांपूनं, वरून खाली. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरायचा नाही. त्यानं असलेलं मेणही निघून जातं. धुतल्यावरही हाताला खरखर लागत होती. रंगात रुतून बसलेले बारीक कण होते ते. त्यासाठी मळलेल्या कणकेसारखी एक चिकणमाती मिळते, तिला 'क्ले बार' म्हणतात. पृष्ठभाग ओला ठेवून ती हलकेच फिरवली की ती कण उचलून घेते. तिची गोळी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कारण खडा चिकटला तर तोच गाडीभर ओरखडे काढणार. मग कडांवर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे तिथे चुकूनही घासलं जाणार नाही. रंग फार कोरडा पडलेला होता, म्हणून बॉनेटवर तेलकट पॉलिश लावून रात्रभर तसंच मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सर्वांत बारीक पॉलिश घेऊन हातानंच, एकेक फूट जागा. 'रबिंग कंपाउंड'चा डबा उघडलाच नाही. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, ऐंशी टक्के चमक आली की थांबायचं. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी निम्मा कलर जातो." ही टक्केवारी त्याच्या अनुभवाची आहे, पुस्तकातली नाही. पण मला पटली.

जिथे गंजाचे फोड आले होते तिथलं काम वेगळं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो आणि फोड दिसतो. बाहेर फोड चण्याएवढा असेल तर आत रुपयाएवढा पसरलेला असतो. त्यावर नुसता ब्रश फिरवणं म्हणजे गळवाला पावडर लावणं. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवडायचं, बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचं औषध लावायचं, ते सांगितल्याप्रमाणे पुसून वाळवायचं, मग अस्तर, मग रंग. अशा पाच जागा निघाल्या. त्यातल्या तीन समोरून दिसतही नव्हत्या. रंग जुळवताना डिकीच्या रबराखालची ती कड उपयोगी पडली नाही. बाकीची गाडी इतकी उतरलेली होती की मूळ रंग तिच्यावर ठिगळासारखा दिसला असता. त्यानं डोळ्यांनी जुळवला. सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही.

शेवटी मेण. गाडीच्या चांगल्या मेणात 'कार्नोबा' असतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर उन्हापासून बचाव म्हणून ते येतं. आपल्याकडे अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळतो, तोही पानावरच्या मेणामुळेच. मेण लावलेल्या बॉनेटवर पाणी टाकलं की तसेच मोती पळतात. आमच्या पावसात मेण दोन-तीन महिन्यांच्या वर टिकत नाही. मोती व्हायचे थांबले की पुन्हा लावायचं. सिरॅमिकचा लेप जास्त टिकतो, पण विटलेल्या रंगावर तो लावून विटकेपणच पक्कं होतं. आणि डिझेलचा बोळा फिरवून येणारी चमक ही चमक नव्हेच. ते तेल धूळ धरून ठेवतं आणि रबरं खराब करतं.

आता पाण्याबद्दल. बाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, पण जव्हार-मोखाड्यात चार महिने धो धो पाऊस पडतो आणि मार्चनंतर विहिरी तळाला जातात. पाणी डोंगरउतारावरून वाहून जातं, खाली मुरत नाही. चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघतात आणि बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढतात. अशा दिवसांत त्याच रस्त्याच्या कडेला उभं राहून मी पाइपनं गाडी धुवायची? छत्तीस वर्षं ज्यांच्या मुलांना शिकवलं त्या बाया समोरून जाणार. शक्यच नाही. आणि लग्न नेमकं वैशाखात!

मुलाला याचीच काळजी होती. मला नव्हती, कारण या काळात मी एक गोष्ट शिकलो होतो. धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, बिघडवतं ते कोरड्या फडक्यानं धूळ पुसणं. आमच्या लाल मातीत बारीक खडा असतो. फडक्याखाली तो पॉलिश पेपरचं काम करतो. रोज सकाळी गाडी झटकून चकचकीत ठेवणारी माणसं रोज थोडी थोडी गाडी पुसून टाकत असतात. म्हणून माघात मेण लावल्यावर गाडी पडवीत उभी केली, वर जुन्या सुती साड्या शिवून केलेलं पांघरूण टाकलं, आणि वैशाखापर्यंत धुळीला हात लावला नाही. फक्त पक्ष्यांची घाण पडली तर ती लगेच, ओल्या फडक्यानं भिजवून उचलायची. तिच्यातलं आम्ल रंगाला खातं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दीड बादली पाणी घेतलं. मऊ फडकी भिजवून, प्रत्येक घडीचा एकच हात, एकाच दिशेनं, मग घडी बदलायची. मेण असल्यामुळे धूळ घट्ट बसलीच नव्हती. दीड तासात काम झालं आणि उरलेलं पाणी जास्वंदीला घातलं. मेणाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. चमकेपेक्षाही ते पाणी वाचवतं आणि घासणं वाचवतं.

एक जागा मात्र मी कुणाला घासू दिली नव्हती. पुढचं डावं दार, हँडलच्या खाली. तिथे कोयरीच्या आकाराएवढ्या जागेत बारीक ओरखड्यांचं जाळं आहे. हिच्या बांगड्यांचं. काचेची बांगडी रंगापेक्षा कठीण असते. तेवीस वर्षं बाजाराला, लग्नाकार्याला, माहेरी जाताना ती ते दार उघडायची आणि बांगड्या तिथे घासायच्या. शेवटच्या वर्षी नाशिकला तपासणीला जाताना दार मी उघडायचो, तेव्हा हातात बांगड्या सैल झाल्या होत्या आणि दाराला लागतही नव्हत्या. २०१९ साली ती गेली. भाच्यानं तिथे यंत्र लावलं तर आकडा १०२ आला. म्हणजे रंग भरपूर होता, ओरखडे सहज निघाले असते. विद्यार्थ्यानं पॉलिशचं फडकं तिथवर आणलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता तेवढ्या जागेवर चिकटपट्टी लावली. चौथीपर्यंत तिच्याच हातचं खाऊन शाळेत बसलेला पोरगा तो!

मुलाला हे मी फोनवर सांगितलं नव्हतं. लग्नाला आल्यावर त्यानं गाडीभोवती फेरी मारली, त्या दारापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बरं झालं पूर्ण रंग नाही मारला ते." नंतर हा विषय निघाला नाही.

इथल्या माणसांना हा सगळा खटाटोप जरा गमतीचा वाटतो, आणि का वाटतो तेही मला कळतं. इथे रंग जपायचा नसतोच, पुन्हा द्यायचा असतो. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणानं सारवायच्या, वर गेरू, आणि लग्न निघालं की सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते आणि नवा चौक येतो. बोहाड्याच्या मुखवट्यांनाही पुन्हा रंग चढतात आणि देव पुन्हा ताजे होतात. शेजारच्या आजीनं मला विचारलंच, "गुरुजी, जुना रंग कशाला धरून ठेवता? सारवून टाकायचा." मी म्हटलं, "आजी, माती उघडी पडली तर पुन्हा सारवता येते. लोखंड उघडं पडलं तर ते थांबत नाही." ती म्हणाली, "मंग छपरात ठेवा, पावसात काढू नका." एवढी सगळी माहिती वाचून मी जिथे पोहोचलो, तिथे आजी एका वाक्यात पोहोचल्या!

कायद्यानं पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळू लागली आहे. आमची पद्मिनी २०३६ साली पन्नाशीची होईल. तेव्हा मी पंच्याऐंशीचा असेन, किंवा नसेन. नात म्हणते, 'आजोबा, आकड्यांची ती वही जपून ठेवा, पुढचं मोजमाप मी करीन.' वही तिच्याकडेच दिली आहे.

आता आगोटीची कामं सांगून संपवतो. पावसाळ्याआधी प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला असलेली पाण्याची भोकं काडीनं मोकळी करा. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतंच, ते बाहेर पडायला वाट हवी. बॉनेटखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. पायाखालच्या रबरी चटया उचलून खालचा पत्रा कोरडा आहे का बघा. बॅटरीची बैठक बघा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री कधीही घट्ट बांधू नका. आत घाम धरतो आणि उघड्या पावसापेक्षा तो वाईट. छप्पर असेल तर उत्तम, पण वारा खेळता हवा. आणि पहिला मोठा पाऊस पडला की गाडी दहा मिनिटं खुशाल अंगणात काढा. वर्षभराची धूळ फुकटात जाते, आणि त्या दिवसांत आमच्याकडे पाण्याला तोटा नसतो.